नास्तिकानं उचलायला लावलेला बेलभंडार

अण्णा,

काल तुमचा दहावा होता. म्हणजे असायला हवा होता. उभ्या देशातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन ज्या रामकुंडावर येतात, ते आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि काल आपल्याच घरातलं कुणी तिथं गेलं नाही. पिंड नाही, दर्भ नाही, कावळ्याची वाट बघत उभं राहणं नाही. तुमचा देह मेडिकल कॉलेजात आहे. तुमचे डोळे कुणाला तरी बसवले असतील आणि त्या माणसाला आता समोरचं स्वच्छ दिसत असेल. तुम्हाला हवं होतं तस्सं झालं. खुशीत असाल. असाल म्हणते आणि जीभ चावते, कारण तुमच्या मते तुम्ही आता कुठंच नाही.

मला मात्र भीती वाटते, ती आधी सांगून टाकते. मी मानणारी बाई. शेवटचं पाणी मिळालं नाही तर माणसाचा जीव अडकून राहतो, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेय. तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात की देह दान करायचा आणि मागं कसलाही विधी करायचा नाही. तो शब्द मी पाळला. पण तो पाळताना माझ्याच देवाच्या विरोधात गेले की काय, आणि तुम्हाला उपाशी पाठवलं की काय, ह्या विचारानं हे सगळे दिवस मला घास गोड लागला नाही. एरवी असा प्रश्न पडला की मी चहाचा कप तुमच्यापुढं ठेवायची आणि भांडायला बसायची. आता कप एकच भरते आणि लिहायला बसलेय.

आपलं पहिलं भांडण मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. दिंडोरीहून आईनं दिलेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी देवघरात ठेवत होते. सासूबाई जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्यांचे देव जागच्या जागी होते, फक्त धूळ बसली होती. तुम्ही वर्तमानपत्राआडून बघत होतात. म्हणालात, "हे इंदूचे. मी टाकले नाहीत आणि पुजलेही नाहीत. आता तुझे आले. सुखानं नांदू देत सगळे. फक्त मला हात जोडायला सांगायचं नाही."

मी नवी सून. खाली मान घालून गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "नका जोडू. पण हे सगळं जग मग आपोआप झालं का?"

तुम्ही पेपर खाली ठेवलात. शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, निवृत्त होऊन घरी बसलेला, आणि त्याला आयतीच विद्यार्थीण मिळालेली. तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

"बरं, केलं कुणीतरी. मग त्या करणाऱ्याला कुणी केलं?"

"त्याला कुणी करायला लागत नाही."

"असं असेल तर मग जगालाच कुणी करायला लागलं नाही, असं का नाही म्हणायचं? एक पायरी वाचली."

दोन दिवस पोळ्या लाटताना तेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला वाढता वाढता म्हणाले, "पायरी वाचवायला हा काय जिना आहे? जगात दिसेल ती वस्तू दुसऱ्या कशावर तरी टेकलेली आहे. सगळंच टेकलेलं असेल, तर खाली जमीन नको?" तुमचा हात भातावर थांबला. म्हणालात, "हे चांगलं आहे. हे तुला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं म्हणजे काय, अण्णा? मला काय स्वतःचं डोकं नव्हतं? पण त्या दिवसापासून तुम्ही मला "सूनबाई" म्हणायचं सोडून "रेखा" म्हणायला लागलात, हे माझ्या लक्षात आलं.

मग सुरूच झालं. मी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं तपासायच्या कामाला लागले, तर तुम्हाला हत्यारंच मिळाली. मी म्हणायची, वेल बघा. ऑक्टोबरची छाटणी केली नाही तर नुसता पाला माजतो, माल लागत नाही. एवढी साधी बाग माळ्यावाचून होत नाही, मग हे जग? तुम्ही म्हणायचात, "जंगलातल्या वेलीला कोण छाटतं? आणि तुझ्या माळ्यानं द्राक्षात बिया घातल्या, त्या माणसानं काढून टाकल्या. घड लहान राहतात म्हणून जीएच्या, म्हणजे फळ फुगवायच्या औषधाच्या पाण्यात बुडवता तुम्ही. देवाच्या द्राक्षाला औषध का लागतं गं?" मी म्हणायची, "कारण आपल्याला हाव आहे." तुम्ही हसायचात. सुनील बिचारा बाप आणि बायको यांच्या मधे बसून एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायचा आणि शेवटी टीव्हीचा आवाज वाढवायचा.

एकदा मी तुम्हाला खरंच अडवलं होतं, ते तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. तुम्ही नेहमीचं म्हणालात की मोजता येत नाही ते मी मानत नाही. मी म्हणाले, "अण्णा, मी दिवसभर द्राक्षाची गोडी मोजते. रस काचेवर टाकायचा, डोळा लावायचा, आकडा वाचायचा. पण आकडा बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं नाही. चव कळायला द्राक्ष तोंडात टाकावं लागतं. सकाळी पूजा करताना मला जे वाटतं ते चवीसारखं आहे. तुम्ही तोंडच उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बसला निघाले तर दारात येऊन म्हणालात, "द्राक्ष सगळ्यांनाच गोड लागतं. तुझा देव सगळ्यांना का लागत नाही?" मी चपला घालता घालता म्हणाले, "तापानं तोंड कडू झालेल्याला द्राक्षही लागत नाही." आणि पळाले. बस चुकली असती. संध्याकाळी येईपर्यंत तुम्ही त्याला उत्तर तयार ठेवलं असणार. पण त्या दिवशी घरी पाहुणे होते, मग ते राहूनच गेलं. काय होतं हो ते उत्तर?

तुम्ही मला जिंकू दिलं नाहीत. पण हरवूनही सोडलं नाहीत. सुनीलला नोकरीत कायम करावं म्हणून मी नवस बोलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "देव म्हणजे काय तहसील कचेरी आहे का? तुझ्या जागी मी असतो तर मला लाज वाटली असती, आपल्या देवाला असं हलकं समजायची." मी इतकी रागावले की त्या रात्री तुमच्या भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही मुकाट्यानं जेवलात. पण तुमचं बोलणं माझ्या आत जाऊन बसलं. त्यानंतर मी नवस बोलले नाही. हळूहळू देवाशी घासाघीस करायची सवयच गेली. आमच्या शेतात जून काडी छाटून टाकतात तसा माझ्या मानण्यातला बराच फापटपसारा तुम्ही छाटलात, आणि जे उरलं ते आजही हिरवं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही शेफारला असतात.

पण एवढे वाद घालणारे तुम्ही, बाहेरच्या माणसांशी कधी वाद घातला नाहीत. सकाळी ओट्यावर बसलेले असायचात. कुठकुठून आलेले लोक, मुंडण केलेले मुलगे, लाल फडक्यात बांधलेला कलश छातीशी धरलेला. विचारायचे, रामकुंड किधर है? तुम्ही उठायचात, चपला घालायचात आणि कोपऱ्यापर्यंत सोबत जायचात. कुणी म्हातारं असलं तर थेट घाटापर्यंत. मी एकदा टोमणा मारला, "त्यांना का नाही विचारत, राख पाण्यात टाकून काय होतं म्हणून?" तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मीच वरमले. म्हणालात, "रेखा, ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी वाद घालायचा नसतो. त्याला वाट दाखवायची."

ह्याचा अर्थ मला माझ्यावर वेळ आली तेव्हा कळला.

आमचं पहिलं बाळ. नऊ महिने पोटात वाढलं आणि रडलंच नाही. मी दवाखान्यातून घरी आले ती रिकाम्या हातांनी. सुतक फिटलं तरी मी देवघराकडं फिरकले नाही. तुमच्यासमोरच म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात अण्णा. कुणी नाहीये तिथं. असता तर एवढं तरी ऐकलं असतं." इतकी वर्षं तुम्ही ज्यासाठी भांडत होतात ते मी तुम्हाला तबकात घालून दिलं. गारपिटीचा मुद्दा तुमचा जुनाच. ऐन काढणीला माझ्या वडिलांच्या बागेवर गारा पडल्या, त्यानंतर कितीतरी दिवसांनी तुम्ही विचारलं होतंत की दयाळू देव गारा पाडतो का? ह्या वेळी तर तुम्हाला विचारायचीही गरज नव्हती.

तुम्ही फक्त म्हणालात, "हे असलं मला नको." आणि उठून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटीचा आवाज आला. मी अंथरुणातच होते. वाटलं, भास झाला. पण रोज यायला लागला. अण्णा, तुम्ही पूजा करत होतात. तुम्ही! धोतराच्या सोग्याला हात पुसत, फिरायला गेलात की लोकांच्या कुंपणातली जास्वंद तोडून आणून. मी विचारलं का, तर म्हणालात, "देव तुझे आहेत. तू आजारी आहेस. घरातल्यांना पाणी विचारायला नको का कुणी?"

मी उठून बघायलाही आले नव्हते. एक दिवस पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना सहज नजर गेली. गणपतीच्या डोक्यावर तुळशीचा हा एवढा झुपका! आणि शाळिग्राम तुळशीवाचून कोरडा ठक्क. बाळकृष्णाला पितांबरीनं इतकं घासलेलं की त्याचं नाक चपटं झालं की काय असं वाटावं. मी ओरडले, "अहो अण्णा, गणपतीला तुळस चालत नाही!"

तुम्ही आतून शांतपणे म्हणालात, "चौदा-पंधरा दिवस वाहतोय. काही बोलला नाही तो. प्रयोग यशस्वी."

"तो मोठ्या मनाचा आहे म्हणून!" असं म्हणत मी पाटावर बसले, तुळस काढली, शाळिग्रामावर ठेवली. काढता काढता हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं, ते किती वेळ थांबेना. तुम्ही दारात उभे होतात. जवळ आला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पूजा पुन्हा माझ्याकडं आली. पुढं मुक्ता झाली, घर भरलं. पण एक गोष्ट मला कधी विचारता आली नाही. सासूबाईंबरोबर तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला गणपतीला तुळस चालत नाही हे खरंच माहीत नव्हतं का हो?

आता त्या शब्दाचं लिहून ठेवते, कारण सुनीललाही तो सगळा माहीत नाही.

डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट सांगितले त्यानंतरची गोष्ट. तुम्ही बाजारातून आलात, पिशवीतून कोथिंबीर काढलीत, आणि तिच्याखालून बेलाची पानं. मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद त्यावर टाकलीत आणि ते सगळं ताटलीत घालून देवघरापुढं ठेवलंत.

"हे काय?"

"बेलभंडार. उचल."

आमच्या गावाकडं जमिनीचा नाहीतर भाऊबंदकीचा तंटा मिटवताना बेलभंडार उचलायला लावतात. एकदा उचलला की शब्द मोडायचा नाही, मोडला तर देव बघून घेतो. तुम्हाला ते कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा मीच.

"देह द्यायचा. दहावा-तेरावा काही करायचं नाही. उचल."

"सुनीलला सांगा की. मुलगा तो आहे."

"त्याची सुमनआत्या रडायला लागली की तो विरघळतो. तू विरघळत नाहीस."

"अण्णा, मला तर तुमचं सगळं करायचंय! मी मानते. तुम्हाला पाण्यावाचून पाठवायचं माझ्या जिवावर येईल."

"म्हणून तर तुला सांगतोय. सुनील धड मानत नाही, धड सोडत नाही. त्याच्या शपथेला घेऊन काय करू? तू देवापुढं शब्द दिलास तर मोडणार नाहीस."

मला ह्यातली गंमत कळली आणि मी तुम्हाला सोडलं नाही. "म्हणजे देव आहे म्हणता तर!"

"तुझ्यासाठी आहे ना. माझं काम तेवढ्यात भागतं."

"हे असलं उत्तर वर्गात एखाद्या पोरानं दिलं असतं तर तुम्ही त्याला अंगठे धरून उभं केलं असतं."

"केलं असतं," तुम्ही म्हणालात. "उचल."

मी उचलला. तुम्ही ताटली बाजूला ठेवलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला त्रास होईल. मला माहीत आहे." एवढंच. तुमच्या तोंडून असलं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी सगळं भराभर करावं लागलं. कॉलेजची गाडी आली, तुम्हाला घेऊन गेली. गाडीमागं रस्त्यावर पाणीसुद्धा ओतलं नाही मी. सुमनआत्या सटाण्याहून पोचल्या तेव्हा तुम्ही घरात नव्हतात. भावाचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून त्यांनी जो आकांत मांडला तो तुम्ही ऐकला नाहीत हेच बरं. तुमची ही बहीण एरवी आपल्यासारखंच बोलते, पण जीव कळवळला की अहिराणीवर जाते. रोज माझ्यामागं एकच, "मना भाऊ बिनपानीना जाई का वं?" माझ्याही मनात तेच होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या गुरुजींना विचारूनच आल्या. देह नसला तरी चालतं, दर्भाचा पुतळा करून सगळे विधी करता येतात. सुनील मान खाली घालून म्हणाला, "रेखा, तू म्हणशील तसं."

खरं सांगते अण्णा, मला मोह झाला. मोठा मोह. देह तर तुमच्या मनासारखा दिलाच होता. अर्धा शब्द पाळून झाला होता. उरलेला अर्धा गुपचूप मोडला असता तर आत्या निवल्या असत्या, सुनीलच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि मला रात्री झोप लागली असती. तुमच्या पिंडाला कावळा शिवला की नाही हे तरी डोळ्यांनी बघता आलं असतं.

आत्यांनी माझा चेहरा वाचला. जवळ सरकल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आते कोन देखी ऱ्हायनं, बाई? आता बघतंय कोण? आणि त्याच्याच मतानं तो आता कुठं नाही. मग त्याला कसं कळणार? कुणाला कळणार?"

सुतक होतं, देवघराचं दार लोटलेलं होतं. मी त्या दाराकडं बघितलं आणि माझ्या तोंडून गेलं, "देवाला कळेल, आत्या."

त्यांनी माझा हात सोडला. त्याही मानणाऱ्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "चहा टाक."

अण्णा, तुमच्या सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या युक्तिवादांना जे जमलं नसतं ते देवाच्या नावानं झालं. तुमचं न मानणं माझ्या मानण्यानं राखलं. भीती एकदम गेली असं म्हणत नाही. पण ते मी बोलले तेव्हा मला आतून कळलं की माझा देव तुमच्यावर रुसलेला नाही, आणि माझ्यावरही नाही. दिलेला शब्द मोडून केलेली पूजा त्याला नकोच असणार. जो देव तुम्हाला पाण्यावाचून ताटकळत ठेवेल तो माझा नव्हेच. एवढं तरी तुमच्याबरोबर भांडून मी शिकले आहे.

आज सुतक फिटलं. सकाळी न्हाऊन देवघराचं दार उघडलं. देवांना आंघोळ घातली, फुलं वाहिली, दिवा लावला. तुमच्यासाठी काही मागायचं मनात होतं, पण हात जोडले आणि मागावंसं वाटेना. सुनेला समोर बसवून बरोबरीनं भांडलेला, तिचं मन मोडलं तेव्हा तिचे देव सांभाळलेला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला घाटापर्यंत पोचवलेला माणूस मला इतकी वर्षं घरात मिळाला होता. काय मागू आणखी? डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडातून नुसते आभार निघत राहिले.

ते कुणाला पोचले, अण्णा? तिथं कुणी नाही असं तुम्ही जन्मभर म्हणत आलात. मग तुम्ही मिळालात म्हणून मी आभार मानायचे तरी कुणाचे, ते सांगा.